३७ म्हणजे कोण?

महाराष्ट्रात मुरुड निदान तीन तरी आहेत. आमचं दापोली तालुक्यातलं, हर्णै आणि कर्द्याच्या मधलं, महर्षी कर्व्यांचं. दुसरं रायगड जिल्ह्यातलं, जंजिऱ्याजवळचं. तिसरं लातूर जिल्ह्यात, जिथून समुद्र बघायचा तर आधी सह्याद्री उतरावा लागतो. बोलताना आम्ही 'कर्व्यांचं मुरुड' म्हणतो आणि काम भागतं. पण पुण्याहून पहाटे निघालेलं कुटुंब दुपारी फोन करून विचारतं, "आम्ही जंजिऱ्याच्या जेट्टीपाशी आलोय, तुमचं घर कुठल्या बाजूला?" तेव्हा घरमालकाच्या पोटात गोळा येतो. मध्ये राजपुरीची खाडी, पुढे सावित्रीची खाडी. दिघी आणि बाणकोट अशा दोन फेरीबोटी धरून यायचं तरी जेवणाची वेळ टळून जाते.

मी राहतो मुरुडात आणि पोट भरतं सॉफ्टवेअरवर. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घरी आलो, ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ येऊन गेलं, आणि राहिलो तो राहिलोच. वादळात ज्यांच्या सुपारी-नारळाच्या वाड्या झोपल्या, त्यांतल्या माझ्या ओळखीच्या काहींनी घराच्या दोन-तीन खोल्या पर्यटकांसाठी नीट करून घेतल्या. त्यांच्यासाठी मी बुकिंगची एक छोटी व्यवस्था बांधली. पुढे पुण्यातल्या एका प्रवासी ॲपने ही घरं आपल्याकडे दाखवायची तयारी दाखवली, म्हणजे त्यांच्या प्रोग्रामने माझ्या सर्व्हरला विचारायचं आणि माझ्या सर्व्हरने उत्तर द्यायचं. या देवाणघेवाणीच्या ठरलेल्या रीतीला एपीआय म्हणतात. आपल्या उत्तरात काय असावं यावर मी आणि त्या ॲपचं काम करणारी मुलगी जितकं भांडलो, तितकं दरांवरूनही कुणी भांडलं नाही.

भांडणाचं कारण ऐकणाऱ्याला हास्यास्पद वाटेल. माझं उत्तर साधारण असं होतं: घर १४२, खोल्या ५११, ५१२, ५१३, मालक ३७. तिचा फोन आला.

"दादा, मालक ३७. बरं. हे ३७ घेऊन मी जाऊ कुठे?"

"डॉक्युमेंटेशनमध्ये दिलंय. मालकाच्या पत्त्यापुढे ३७ जोडायचं, की माहिती मिळते."

"म्हणजे पत्ता मी माझ्या कोडमध्ये लिहून ठेवायचा. उद्या तुम्ही तो बदललात तर बंद कुणाचं ॲप पडणार?"

मुद्दा बिनतोड होता. मग मी आकड्याऐवजी अख्खी लिंक पाठवायला लागलो. मालक कोण, तर ही घ्या लिंक, उघडा आणि बघा. आठवडाभर शांतता होती. मग पुन्हा फोन. "दादा, आता माझ्या टेबलात 'की' म्हणून, म्हणजे ओळखीची खूण म्हणून, काय ठेवू? तुमची साठ अक्षरी लिंक?"

हा प्रश्न आमच्या दोघांपुरता नव्हता. रॉय फील्डिंगने २००० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या आयर्व्हाइन शाखेत जो प्रबंध सादर केला, त्यातून 'रेस्ट' हा शब्द आला आणि तो आज जवळजवळ प्रत्येक एपीआयला चिकटवलेला असतो. त्या प्रबंधाच्या मुळाशी असलेली अट मात्र सहसा कुणी पाळत नाही. अट अशी, की विचारणाऱ्याला फक्त दारापर्यंतचा पत्ता माहीत असावा. पुढच्या सगळ्या वाटा उत्तरात आलेल्या लिंकांनी दाखवाव्यात. वेबसाइट वाचताना आपण हेच करतो. वर्तमानपत्राच्या पानाचा पत्ता कुणी हाताने जुळवत नाही, बातमीवर बोट ठेवतो. २००८ साली फील्डिंगने वैतागून स्पष्ट केलं, की हायपरटेक्स्टवर चालत नसेल तर त्याला रेस्ट म्हणू नका. लोक म्हणतच राहिले.

मला ही गोष्ट खरी कळली ती सातबाऱ्यावरून. कोकणात ज्याची जमीन वाटणीत अडकलेली नाही असा माणूस विरळा, त्यामुळे सातबारा आम्हाला पाढ्यांसारखा येतो. त्यावर सर्व्हे नंबर असतो, हिस्सा नंबर असतो, खाते क्रमांक असतो, आणि खातेदाराच्या नावाशेजारी फेरफाराचा क्रमांक. समजा ८१४. हा ८१४ म्हणजे गाव नमुना ६ मधली नोंद. कुणाचं नाव कधी आणि कशामुळे चढलं, वारसाने की खरेदीखताने, ते तिथे लिहिलेलं. पण ८१४ नंबरचा फेरफार शेजारच्या गावातही असतो, त्याच्या शेजारच्या गावातही. आकड्याला गावाबाहेर काही अर्थ नाही. आणि तो फेरफार बघायला कुठे जायचं, तलाठ्याच्या दप्तरात की तालुक्याच्या अभिलेख कक्षात, हे कागदावर कुठेही नसतं. ते गावातल्या जुन्या माणसांना माहीत असतं. मुंबईहून सुटीत आलेला पुतण्या सातबारा हातात धरून गोंधळतो तो इथेच. अण्णा त्याला म्हणतात, "नंबर आहे ना? मग झालं तर." अण्णांचं झालेलं असतं, कारण पुढची वाट त्यांच्या डोक्यात आहे. पुतण्याचं झालेलं नसतं.

माझा मालक ३७ हा असाच होता. माझ्यापुरता पुरेसा, बाहेरच्याला मुका.

अलीकडच्या डिजिटल सहीच्या सातबाऱ्यावर मात्र दोन नवीन गोष्टी आल्या आहेत: भूखंडाचा स्वतंत्र क्रमांक, जो गावापुरता नाही, आणि क्यूआर कोड. क्रमांक सांगतो जमीन कुठली. क्यूआर फोनसमोर धरला की कागद खरा आहे का ते तपासता येतं. दोन्ही एकाच कागदावर आहेत आणि एकाने दुसऱ्याची जागा घेतलेली नाही. सरकारी कामाचं कौतुक मी सहसा करत नाही, पण ही रचना ज्याने केली त्याला हा प्रश्न नीट समजला होता.

आता नुसत्या लिंका देणाऱ्यांची गंमत. शिकाऊ प्रोग्रामर ज्यावर हात साफ करतात अशी एक 'स्टार वॉर्स' चित्रपटांची एपीआय आहे. तिच्यात एखाद्या पात्राची माहिती मागितली तर त्याचा ग्रह, त्याचे चित्रपट, त्याची यानं, सगळं लिंकांच्या रूपात येतं. आयडीचं वेगळं फील्डच नाही. तत्त्व म्हणून शुद्ध. प्रत्यक्षात काय होतं? ती वापरणारा जवळजवळ प्रत्येक जण लिंकची शेपटी कापतो आणि आकडा काढून घेतो. लिंकचे तुकडे करायचे नाहीत हा नियम आणि आयडी तर हवाच ही गरज, यांच्यात गरज जिंकते. एकदा का कुणी तुमच्या लिंकचे तुकडे केले, की ती बदलायचं स्वातंत्र्य तुम्ही गमावलंत. लिंक देण्याचा सगळा उद्देशच तो होता.

पत्ते बदलतात हे महाराष्ट्रात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. १९८१ साली रत्नागिरी जिल्ह्याची दक्षिणेकडची बाजू वेगळी होऊन सिंधुदुर्ग झाला, त्याच वर्षी कुलाब्याचा रायगड झाला. २०१४ साली ठाण्यातून पालघर निघाला. अलीकडे औरंगाबाद, उस्मानाबाद आणि अहमदनगरची नावं बदलली. ज्या कुणी आपल्या लिंकमध्ये जिल्ह्याचं नाव घातलं असेल, त्याच्यापुढे दोनच पर्याय उरले: जुनी लिंक जपत बसायचं किंवा ती मोडू द्यायची. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यांना जे आकडे दिले होते, रायगड ५२०, लातूर ५२४, रत्नागिरी ५२८, त्यांत नाव नसल्यामुळे नामांतराचा धक्का त्यांना बसत नाही. औरंगाबादचा ५१५ छत्रपती संभाजीनगरलाही चालतो. जिल्हा फुटला तर मात्र या आकड्यांनाही प्रश्न पडतो, कारण ठाण्याचा ५१७ म्हणजे पालघरसकटचं जुनं ठाणं की आताचं, हे आकडा सांगत नाही. टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच बजावलं होतं, की चांगले पत्ते बदलत नसतात, माणसं ते बदलतात, आणि पत्त्यात जितकी जास्त माहिती कोंबाल तितकं ते लवकर बदलावे लागतील. म्हणून माझ्या लिंकांमध्ये तालुका नाही, जिल्हा नाही, घराचं नावही नाही. एका घरमालकीण काकूंनी मुलीच्या लग्नानंतर घराचं नाव बदललं तेव्हा माझ्या बाजूला एका ओळीचाही बदल करावा लागला नाही.

आयडीत अर्थ असावा की नसावा, या वादाचीही दोन टोकं आपल्याकडेच सापडतात. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. तो आखला श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. सहा अंकांत त्यांनी वाट बसवली: पहिल्या अंकात विभाग, पहिल्या तिघांत टपाल निवडीचा जिल्हा, शेवटच्या तिघांत पोस्ट ऑफिस. दापोलीचा ४१५७१२ आणि सातारा शहराचा ४१५००१. मध्ये सह्याद्री उभा असला तरी पहिले तीन अंक एकच, कारण ते प्रशासकीय जिल्ह्याप्रमाणे नव्हे, टपालाच्या वाटेप्रमाणे पडलेले. म्हणजे पिनकोड निम्मा आयडी आणि निम्मी लिंक. आधार याच्या उलट. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत त्याची सुरुवात झाली आणि त्याचे बारा अंक काहीच सांगत नाहीत, ना राज्य, ना वय, ना जात. शेवटचा अंक तेवढा पडताळ्याचा, आधीचे अकरा चुकले की ओरडणारा. माणूस टेंभलीहून मुंबईला राहायला गेला तरी आकडा तोच. मुक्या आकड्याचा हा फायदा मोठा आहे: सांगण्यासारखं काही नसल्यामुळे खोटं ठरण्यासारखंही काही नसतं.

माझ्या बुकिंग नंबरांत मी ती पडताळ्याची युक्ती घेतली, कारण आमच्याकडे नंबर वाचून दाखवले जातात. हे पुण्यात बसून लक्षात येत नाही. गाडी आसूदचा उतार उतरते, रेंज जाते, पाहुणा कसाबसा फोन लावतो आणि आजोबा वहीत लिहून घेतात. त्या क्षणी लिंकचा उपयोग शून्य. यूयूआयडी नावाच्या छत्तीस चिन्हांच्या आयडीचाही शून्य. तो फोनवर वाचायला घेतला तर निम्म्यात फोन तुटेल. म्हणून आठ चिन्हं, त्यांत शून्य आणि ओ नाही, एक आणि आय नाही, शेवटचं चिन्ह पडताळ्याचं. आजोबांच्या वहीत दोन अक्षरं उलटसुलट झाली तर संगणक लगेच सांगतो, की असा नंबर नाही. दुसरीकडे तेच बुकिंग पाहुण्याला सुनेच्या व्हॉट्सॲपवर पाठवायचं असतं तेव्हा आठ चिन्हांना कुणी विचारत नाही. तिथे निळी लिंक लागते, बोट ठेवलं की उघडणारी.

आकडा आकड्यासारखा पाठवावा की अक्षरांसारखा, यावरही बोलायला हवं, कारण इथे भले भले फसले. जावास्क्रिप्टमध्ये ९,००७,१९९,२५४,७४०,९९१ याच्या पुढचे पूर्णांक बिनचूक राहतीलच असं नाही. शेवटचा अंक गुपचूप बदलतो. ट्विटरने २०१० मध्ये मोठे आयडी आणले, तेव्हा प्रत्येक आयडी दोनदा पाठवायची पाळी त्यांच्यावर आली, एकदा आकडा म्हणून आणि एकदा मजकूर म्हणून. आयडींची बेरीज-वजाबाकी कुणी करत नाही. माझे सगळे मजकूर म्हणूनच जातात.

लिंकलाच ओळख मानलं तर काय होतं, याचं मी पाहिलेलं सगळ्यात बोलकं उदाहरण फोटोंचं. घरांचे फोटो मी ॲमेझॉनच्या साठवणीत ठेवतो. ते सगळ्यांसाठी उघडे नाहीत, त्यामुळे दर वेळी सही केलेली लिंक तयार होते आणि तिला मुदत असते, जास्तीत जास्त ७ दिवस. एका दुसऱ्या, मुंबईकडच्या भागीदाराने ती लिंकच आपल्या डेटाबेसात कायमची की म्हणून जपून ठेवली. आठवड्याने सगळे फोटो गायब. आणि रोज येणारी लिंक वेगळी असल्यामुळे त्यांच्या प्रोग्रामला दर वेळी वाटायचं, की नवीनच फोटो आला. एकाच ओटीचे ढिगाने फोटो त्यांच्याकडे जमा झाले. फोटोला लिंकच्या शेजारी स्वतःचा न बदलणारा आयडी दिला तेव्हा हे थांबलं.

लिंकांविरुद्धची नेहमीची तक्रार आकाराची असते. दोनशे घरं, प्रत्येकी पाच लिंका, प्रत्येक साठ अक्षरांची. झाली साठ हजार अक्षरं. ऐकायला भयंकर. पण लिंकांची सुरुवात सगळीकडे सारखी असल्यामुळे जीझिपने दाबल्यावर त्यांचं वजन किरकोळ उरतं. खरी महागडी गोष्ट आहे फेऱ्यांची. घरांची यादी आली, प्रत्येकात मालकाची लिंक, आणि ॲप भाबडेपणाने एकेक लिंक उघडत बसलं, तर दोनशे वेळा सर्व्हरकडे जाऊन यायचं. पुण्याच्या ऑफिसात ते डोळ्याला दिसत नाही. आमच्या किनाऱ्यावर एका दांडीच्या रेंजवर पाहुणा सूर्यास्त बघून परत आला तरी यादी फिरतच असते. म्हणून यादीत मालकाचं नाव आणि गाव आतच घालून पाठवतो, आणि लिंक फक्त ज्याला मालकाची पूर्ण माहिती हवी त्याच्यासाठी. तत्त्वनिष्ठ लोक याला नाकं मुरडतात. त्यांनी एकदा मे महिन्यात मुरुडला यावं.

सुरक्षेबद्दल थोडक्यात. ओळीने वाढणारे आयडी बाहेर दिले की शेजारचा धंदा मोजतो: आज ५०१ नंबर, पुढच्या शनिवारी ५४०, म्हणजे आठवड्यात इतकी बुकिंगं. दुसऱ्या महायुद्धात दोस्तांनी जर्मन रणगाड्यांच्या सुट्या भागांवरचे क्रमांक बघूनच उत्पादनाचा अंदाज बांधला होता. ३७ च्या जागी ३८ टाकून दुसऱ्याची माहिती उघडते का हे बघणारे तर असतातच. ओवास्प या संस्थेच्या एपीआय-धोक्यांच्या यादीत हा प्रकार २०१९ मध्ये पहिला होता आणि २०२३ मध्येही पहिलाच. काहींना वाटतं, लिंक दिली की हे टळतं. टळत नाही. लिंकही बदलून बघता येते. मागणाऱ्याचा हक्क दर वेळी तपासणं याला पर्याय नाही, तुम्ही काहीही पाठवा.

मग ठरलं काय? प्रत्येक वस्तूसोबत दोन फील्ड. आयडी, मजकूर म्हणून, जन्मभर न बदलणारा, की म्हणून साठवायला. आणि लिंक, वापरायची पण जपून ठेवायची नाही, तिचे तुकडे करायचे नाहीत. गिटहबच्या एपीआयमध्येही दोन्ही येतात. तिथे तर एका रिपॉझिटरीच्या उत्तरात डझनावारी लिंका असतात, तेवढा हौशी मी नाही. घरात मात्र, म्हणजे मालकांच्या फोनवरचं माझंच ॲप आणि माझाच सर्व्हर यांच्यात, अजूनही नुसता आयडी जातो. दोन्ही टोकं एकाच दिवशी बदलायची सोय माझ्या हातात असताना लिंकांचा सोस कशाला? परक्याशी बोलतानाच वाट सांगावी लागते.

हे पुण्याच्या मुलीला मान्य झालं, पण एका जागी अजून आमचं जुळत नाही. पाहुणा यूपीआयने पैसे भरतो तेव्हा बारा अंकी संदर्भ क्रमांक येतो. मालक तो बँकेच्या संदेशाशी जुळवतात, बहुतेक जण शेवटचे चार अंक बघून. हा क्रमांक मी उत्तरात देतो, लिंक देत नाही. तिचं म्हणणं, बाकी सगळीकडे जोडी आहे तर इथेच एकटा आयडी का? माझं म्हणणं, ती नोंद बँकेच्या घरची आहे. ती कुठे आणि कशी उघडते हे बँक ठरवणार, उद्या बदलणार, आणि मोडलेल्या लिंकवरून फोन मात्र मला येणार. परवा तिने नवीन यादी पाठवली. त्यात पैसे परत केल्याची नोंद आहे, रद्द केलेल्या बुकिंगचं फील्ड आहे, आणि खाली लिहिलंय, "निदान याला तरी लिंक द्या." परतावा आम्ही करतो, त्याची नोंद माझ्याच सर्व्हरवर असते. त्याला देतोय.